सोडा म्हटलं की

"हाताला दोर गुंडाळू नको, हनुमंता. काढ आधी ते वेढे."

सत्तारने तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा हनुमंताने मनगटाभोवतीचे दोन वेढे सोडले; पण सोडताना तो हसलाच. तालमीत वाढलेला गडी. दंडावर गंडा, गळ्यात मफलर. दोर हाताला बांधल्याशिवाय धरल्यासारखंच वाटत नाही, असं त्याचं म्हणणं.

"चाचा, म्या उधळलेला बैल येसनीला धरून थांबवलाय. हे तर कापाड हाय."

"बैलाला कळतं, आपल्याला मानूस लोंबकळलाय म्हनून. याला न्हाई कळत."

बाकीचे सातजण हसले. सगळे खर्ड्याचेच. महोत्सवाच्या कमिटीने दोर धरायला आठ दणकट माणसं दिली होती. सकाळचे सहा वाजत होते. किल्ल्याच्या तटावर अजून उजेड पुरता उतरला नव्हता आणि ज्वारीच्या रानातून गार वास येत होता. मोकळ्या पटांगणात फुग्याचं निळं-केशरी कापड लांबच लांब पसरलेलं होतं. त्याच्या तोंडाशी वेताची टोपली आडवी. पलीकडे दोन ट्रॅक्टर आणि एक जीप. फुगा उभा राहिला की या तीन गाड्यांना बांधलेल्या तीन दोरांवर तो साठेक फूट वर जायचा, पाच मिनिटं थांबायचा आणि खाली यायचा. एका फेरीला तीन माणसं. तीन दिवसांचा महोत्सव, आजचा दुसरा दिवस.

सत्तार जामखेडचा. वय छप्पन. तीस वर्षं त्याने मांडव घातले. लग्नाचे, सप्त्याचे, सभेचे, दहाव्याचे. तीन वर्षांपूर्वी मांडवाचं काम सोडून तो फुग्याच्या कंपनीत लागला. कंपनीच्या कागदावर त्याच्या कामाला इंग्रजी नाव होतं, पण बायकोने, मेहताबने, "लोकं इचारतात, तुमचे मालक काय करतात म्हनून, काय सांगू?" असं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "सांग, फुगा धरतो." मेहताब दोन दिवस हसत होती.

फुगा चालवणाऱ्या स्नेहल मॅडम नगरच्या. चौतीस-पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एकदा सत्तारला वर नेलं होतं. इतर लोक वर गेले की आपलं घर शोधतात, देऊळ शोधतात. सत्तार सगळा वेळ वाकून खालचे दोर बघत होता.

"आता ऐका," तो आठजणांना म्हणाला. "मी 'सोडा' म्हनलं की काय करायचं?"

"सोडायचं."

"कुनी?"

"सगळ्यांनी."

"कवा?"

"एकदम."

"एकदम म्हंजे एकदम. एकानं आधी सोडलं की त्याचं वजन गेलं. तेवढा फुगा वर गेला, बाकीचे लटकले. आन् एकानं मागनं धरून ठिवलं, तर तो एकटाच वर गेला. पाय जमिनीवरनं सुटला की इचार करायचा न्हाई. हात उघडायचा."

मग त्याने त्यांच्याकडून ते करून घेतलं. रिकामा दोर धरायला लावून "सोडा" म्हणायचं आणि आठांचे सोळा हात उघडायचे. पाचवेळा. कुंपणाच्या दोरापलीकडे जमलेली पोरं टाळ्या पिटू लागली. मोठी माणसं धरायला आली आणि सोडायचं शिकतायत, याचीच त्यांना गंमत.

हनुमंताने शेवटी विचारलंच. "पर चाचा, टोपलीत मान्सं असतील की. त्यांना तसंच सोडायचं?"

हाच प्रश्न तीन वर्षांपूर्वी सत्तारने स्नेहल मॅडमना विचारला होता, आणि त्यांच्या उत्तराने त्याची रात्रभर झोप गेली होती. तेच उत्तर त्याने हनुमंताला दिलं.

"आतल्यांजवळ टोपली हाय, आग हाय, वरचं झाकन उघडायची लाल दोरी हाय. भाईर लोंबकळनाऱ्याजवळ काय हाय?"

हनुमंताने मान हलवली. पटलं असं काही त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

आठ वाजेपर्यंत पाच फेऱ्या झाल्या. हवा अशी शांत की बर्नरचा आवाज थांबला की वरच्या माणसांचं बोलणं खाली ऐकू यायचं. "ते बघ आपलं पत्र्याचं शेड!" असं कुणी वरून ओरडलं की खालची रांग हसायची. रांगेत जिल्हा परिषदेच्या शाळेची चाळीस पोरं होती, नव्या सुना होत्या, शेजारच्या गावचे दोन हौशी म्हातारे होते.

साडेआठनंतर सत्तारचं लक्ष रांगेवरून उडालं. तो आकाशाकडे बघू लागला. किल्ल्याच्या बुरुजावर दोन घारी होत्या. मघाशी त्या पंख हलवत होत्या. आता पंख न हलवता गोल फिरत वर चढत होत्या.

तो टोपलीजवळ गेला. फेरी संपवून माणसं उतरत होती.

"मॅडम, बास करू."

स्नेहलने हातातलं वारा मोजायचं यंत्र वर धरलं. "नऊ दाखवतंय. आपली मर्यादा दहाची आहे."

"आकडा बराबर हाय. पर जमीन तापली. घारी चढायला लागल्यात बघा. आता वारा सरळ न्हाई यायचा, गोळा होऊन येईल."

स्नेहलने वर बघितलं. तिलाही ते दिसत होतं. तिने मान हलवली आणि ती काही बोलणार, तेवढ्यात कुंपणाचा दोर उचलून कमिटीचे अध्यक्ष गहिनीनाथ तात्या आत आले. पन्नाशीचा भारदस्त माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांच्या हाताला धरून त्यांची आई, चांगुणाबाई, नऊवारीचा पदर डोक्यावरून घेऊन काठी टेकत हळूहळू येत होती.

"मॅडम, ही माझी आई. एक्क्याऐंशी वय. तिला वर न्यायची."

"तात्या, वारा वाढतोय. आज इथेच थांबावं म्हणते."

"आवो, आसं कसं? पाटंपासून लुगडं नेसून बसलीया ती." तात्यांचा आवाज खाली आला. "तिचं म्हननं, जलमभर हितं राबले, ही जमीन कशी दिसती ती एकदा वरनं बघायची. उद्याचा दीस कुनी बघितलाय?"

चांगुणाबाई फुग्याकडे मान वर करून बघत होती. इतकी वर की पदर मागे पडला.

स्नेहलने पुन्हा यंत्र धरलं. आकडा खाली आला होता. सात.

"सात तर हाय!" तात्या म्हणाले.

स्नेहलने सत्तारकडे पाहिलं. सत्तारने मान आडवी हलवली. पण समोर ती म्हातारी होती, पाठीमागे शे-दोनशे माणसं टक लावून होती आणि यंत्र सात म्हणत होतं.

"एकच फेरी," ती म्हणाली. "तीसच फूट. यांना आणते आणि लगेच बंद."

सत्तार चांगुणाबाईजवळ गेला.

"मावशी, आत गेल्यावर मी 'खाली' म्हनलो तर काय करायचं, दावतो. गुडघं वाकवायचं, पाठ टोपलीला लावायची, हातानं आतल्या दोराच्या कड्या धरायच्या. हात भाईर काढायचा न्हाई. करा बरं एकदा."

"हितंच?"

"हितंच."

भर पटांगणात, सगळ्यांसमोर, चांगुणाबाई ट्रॅक्टरच्या चाकाला पाठ लावून उकिडवी बसली. "चुलीपुढं बसल्यावानी की रं!" ती म्हणाली. लोक हसले.

"तात्या, तुमीबी."

"आवो, मी काय ल्हान हाय का? समजलं मला."

दोघं टोपलीत चढली. आठजणांनी टोपलीच्या कडेला आणि हातदोरांना धरलं होतं. सत्तार वाऱ्याच्या बाजूच्या हातदोरावर, त्याच्या पुढे हनुमंत. स्नेहलने बर्नर एकदा ओढला. फुगा ताणला गेला, टोपलीने जमिनीवरचं वजन हलकं केलं.

तेव्हा सत्तारला ज्वारीच्या रानात काहीतरी दिसलं. कापून ठेवलेल्या कडब्याची दहा-बारा वाळकी पानं जमिनीवरून उठली, गोल फिरली आणि मातीचा एक पिवळा खांब त्यांच्यासकट बांध ओलांडून पटांगणाकडे आला. वावटळ. फार मोठी नव्हती. चैत्रात अशा दिवसाला पाच येतात आणि कुणी मान वर करून बघत नाही.

"खाली!" तो ओरडला. "आतले खाली!"

फुग्याच्या पोटात वाऱ्याने गुद्दा मारावा तशी निळी बाजू आत गेली आणि सगळा फुगा पूर्वेकडे झुकला. मग वारा त्याच्या पाठीवरून गेला आणि त्याने टोपली उचलली. वाऱ्याकडच्या ट्रॅक्टरची मागची चाकं नांगरटीच्या भुसभुशीत मातीत होती. दोर ताणला तसा ट्रॅक्टर मागे ओढला गेला, हात-दीड हात, आणि तेवढ्या ढिलाईने टोपली पुरुषभर वर गेली. आठजण आणि सत्तार तिच्यासोबत फरफटले. सत्तारच्या चपलांच्या टाचा उचलल्या, मग चवडे उचलले. समोर, त्याच्या डोक्याच्या वर, टोपलीच्या कडेवर चांगुणाबाईच्या पांढऱ्या केसांचा अंबाडा क्षणभर दिसला आणि खाली गेला.

"सोडा!"

त्याने हात उघडले. दोर तळव्यातून सर्रकन गेला आणि पाय जमिनीला लागले.

सत्तारसकट आठ माणसं एकदम जमिनीवर आली. नववा आला नाही.

हनुमंताने दोर मनगटाला गुंडाळला नव्हता, पण छातीशी कवटाळला होता. आठांचं वजन जाताच फुगा आणखी उसळला आणि हनुमंत दारावरच्या तोरणाएवढा वर लटकला. त्याचे पाय हवेत सायकल मारत होते.

"हनम्या, सोड! अरं सोड!"

"म्हातारी हाय आत!"

"तिचं ती बघंल! तू सोड!"

सत्तार त्याच्याखाली धावत होता, दोन्ही हात वर करून. छप्पन वर्षांचे गुडघे, ढेकळांची जमीन. "सोड, मी हाय खाली!" हे तो किती वेळा ओरडला, त्याचं त्यालाही नंतर आठवेना. हनुमंताने खाली पाहिलं. खाली माणूस आहे हे बघून त्याची बोटं उघडली असावीत. तो पडला तो सरळ सत्तारच्या खांद्यावर. दोघं ढेकळांत लोळले.

त्याच वेळी वर स्नेहलने लाल दोरी ओढून धरली होती. फुग्याच्या शेंड्याचं झाकण उघडलं, गरम हवा भसकन निघून गेली आणि एवढा मोठा फुगा गुडघ्यातून मोडल्यासारखा खाली आला. टोपली आदळली, वीसेक पावलं घासत गेली आणि कलंडली. कापड त्या पलीकडे हळूहळू पसरलं. वावटळ किल्ल्याच्या खंदकाकडे निघून गेली होती. सगळं मिळून चहाचा एक घोट घ्यायला लागतो तेवढा वेळ.

सत्तार उठून धावला. उजवा खांदा उचलत नव्हता.

टोपली आडवी पडली होती. स्नेहल आधी बाहेर आली, तिने गॅसचे कॉक बंद केले. मग ती चांगुणाबाईला हात देऊ लागली. म्हातारी चुलीपुढे बसल्यासारखीच अंग चोरून, कड्या धरून बसलेली होती, फक्त आता पाठीवर पडून. "सोडा आता, आजी," स्नेहल म्हणाली, तेव्हा तिने कड्या सोडल्या. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. दोन बांगड्या तेवढ्या फुटल्या होत्या. तात्या मात्र 'खाली' ऐकूनही उभेच राहिले होते. त्यांच्या कपाळाला बर्नरच्या सांगाड्याचा मार बसला होता आणि पांढऱ्या शर्टावर रक्ताचे थेंब होते.

लोकांचा गलका झाला. कुणी पाणी आणलं, कुणी हळद. तात्यांनी रुमालाने कपाळ दाबलं आणि ते सत्तारकडे वळले. राग आणि भीती यांतलं कोणतं जास्त होतं, सांगता आलं नसतं.

"माझी आई आत हुती, सत्तारभाई! आन् तुमी दोर सोडला? पैल्यांदा तुमीच वरडला, 'सोडा' म्हनून. सगळ्या गावानं ऐकलं. ह्या एकट्या हनुमंतानं धरून ठिवलं. मर्द गडी ह्यो एकटाच!"

हनुमंत सुजलेला घोटा धरून ढेकळात बसला होता. त्याचे दोन्ही तळवे दोराने सोलले होते. त्याने मान वर केली नाही.

सत्तारने डाव्या हाताने उजवा खांदा धरला होता. तो खाली बसला. बोलला तेव्हा फार मोठ्याने बोलला नाही, म्हणून लोकांना गप्प व्हावं लागलं.

"तात्या, अकरा वर्सांमागं एका लग्नाचा मांडव हुता. वैशाख. आमी नऊ जन. वळवाचं वादळ आलं, मांडव उठाया लागला. मी मुकादम. मी वरडलो, 'सोडू नका रं! कुनीबी सोडू नका!'"

तो थांबला. स्नेहल त्याच्याकडे बघत होती. तीन वर्षांत त्याने हे कधी सांगितलं नव्हतं.

"वरडलो मी, आन् पैला हात सुटला तो माझाच. ठरवून न्हाई सोडला. सुटला. मग समद्यांचे सुटले. छगनचा न्हाई सुटला. माझ्या बरोबरीचा गडी, एका ताटात जेवायचो आमी. मी सांगितलं हुतं ना सोडू नको म्हनून. मग त्यानं न्हाई सोडला. त्या कापडानं त्याला लिंबाच्या शेंड्यापातूर नेला आन् तिथनं टाकला."

"मंग?" कुणीतरी विचारलं.

"मंग काय. कंबरंखाली काय कळत न्हाई त्याला. दर शुक्रवारी जातो मी. त्याची दाढी करतो, त्याला उन्हात बसवतो. त्यानं कधी इचारलं न्हाई, सत्तार, तू का सोडलास. मीबी सांगितलं न्हाई. घरीबी न्हाई. आज हितं सांगतोय." त्याने हनुमंताकडे बघितलं. "त्या दिवशी मी 'सोडा' म्हनलो असतो तर फक्त मांडव गेला असता. कापाडच ते. आज म्हनलो. मावशीजवळ टोपली हुती, मॅडम हुत्या. ह्याच्याजवळ काय हुतं?"

हनुमंताने सोललेला तळहात मांडीवर पालथा घातला.

"चूक माझी आहे, तात्या," स्नेहल म्हणाली. "चाचांनी मला थांबा म्हणून सांगितलं होतं. मलाही दिसत होतं. तुमचा शब्द मोडवला नाही म्हणून मी उडवायला निघाले. यापुढे चाचांची मान आडवी हलली की माझा फुगा उठणार नाही. समोर कुणीही असो."

तात्यांनी रुमाल काढून बघितला, पुन्हा दाबला. "शब्द मीच टाकला हुता," ते म्हणाले.

चांगुणाबाईला कुणीतरी खुर्ची आणून दिली होती. ती बसली नाही. ती काठी टेकत हनुमंताजवळ गेली आणि त्याच्या डोक्यावर टपली मारली.

"माझ्यापायी मरतुयास व्हय रं भाड्या? माझं वय काय, तुझं काय? ह्या चाचानं मला बसाया शिकवलं, मी बसले. तुला सोडाया शिकवलं, तर तुला ते जमंना."

हनुमंत हसला, मग त्याचे डोळे भरून आले आणि तो दुसरीकडे बघू लागला. दोघांनी त्याला उचलून जीपमध्ये बसवलं. सत्तारलाही दवाखान्यात चला म्हणाले.

"कापाड भरल्याबिगर न्हाई येत," तो म्हणाला. "आन वारा सुटला तर पुन्ना उठंल ते."

ते खरंच होतं. फुग्याच्या कापडात ठिकठिकाणी हवा अडकून राहिली होती. वाऱ्याची झुळूक आली की निळं-केशरी रान जागोजाग फुगत होतं, झोपेतल्या जनावराच्या पोटासारखं. ती हवा दाबून शेंड्याकडे ढकलल्याशिवाय कापड पिशवीत मावत नाही. आणि दोर धरणाऱ्या आठांपैकी हनुमंत आणि त्याला नेणारे दोघं गेले होते, उरलेले पाचजण त्याला पुरणार नव्हते.

सत्तारने रांगेकडे बघितलं. शाळेची चाळीस पोरं अजून रांगेतच उभी होती. फेरी होणार नाही हे त्यांना कळलं होतं. पण घरी जायचं कुणी सांगितलं नव्हतं.

"चपला काढा रं," तो म्हणाला. "खिशात काय टोकदार असंल तर ठिवा भाईर. आन् या."

पोरं धावत आली आणि कापडावर आडवी झाली. लोळली, पालथी पडली, एकमेकांच्या अंगावरून गडगडली. त्यांच्याखालून हवा फुसफुसत पुढे सरकू लागली. सत्तार एका हाताने कापडाची कड धरून मागोमाग चालत होता. "हळू. घाई न्हाई. हिकडनं तिकडं ढकला. शेंड्याकडं." नव्या सुनाही वाकून हाताने दाबू लागल्या. दोन हौशी म्हातारे एका केशरी पट्ट्यावर ठाण मांडून बसले.

चांगुणाबाई कडेला उभी राहून बघत होती. मग तिने काठी शेजारच्या एका सुनेकडे दिली, वहाणा काढल्या, नऊवारीचा काष्टा सारखा केला आणि निळ्या कापडाच्या एका टरारून फुगलेल्या जागेवर जाऊन बसली.

पलीकडून पोरं लोळत आली. त्यांनी ढकललेली सगळी हवा म्हातारीखाली जमा झाली आणि कापडाने तिला उचललं. वीतभर. जास्तीत जास्त दोन वीत.

"आगं आई!" ती ओरडली. "उचाललं की मला!"

दोन्ही हात बाजूला पसरून ती क्षणभर तशीच तरंगत राहिली. तात्या कपाळाचा रुमाल धरून जागच्या जागी थांबले. मग हवा फस्सकन पुढे निघून गेली आणि चांगुणाबाई हळूच जमिनीला टेकली. तिने पदर सावरला, आजूबाजूला पाहिलं आणि सत्तारला हाक मारली.

"आरं ये बाबा, आजून हाय का वारा? हाय तर धाड हिकडं."

सत्तारने पोरांना खूण केली. पोरं पुन्हा मागे पळाली, रांगेत आडवी झाली आणि लोळत यायला लागली. तात्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटात घातले आणि आईच्या शेजारी कापडावर मांडी घालून बसले.